हातोटी आणि ध्यास

बोलताना आपण 'आवड' हा शब्द फार सैल हाताने वापरतो. कांदाभजी आवडतात, पावसाळा आवडतो, क्रिकेट आवडते आणि त्याच दमात लेखनही आवडते, असे आपण सांगून मोकळे होतो. प्रवेशाच्या अर्जावर किंवा नोकरीच्या फॉर्मवर 'छंद' असा एक रकाना असतो. त्यात 'वाचन व लेखन' हे शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी भरले असतील. मीही भरले आहेत, आणि ते खोटे नव्हते. परंतु गेल्या दोन वर्षांत मला एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. लेखन मला जमते, लेखन मला आवडतेही. पण माझा जीव त्यात नाही. तो दुसरीकडे आहे. हे कसे कळले, आणि कुणालाही ते कसे कळू शकेल, याचा थोडा शांतपणे विचार करावा म्हणून हा लेख. कलाशाखेत शिकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शब्दांच्या कीस काढण्याचा नाही. पदवीनंतरची पाच-दहा वर्षे कोणत्या कामाला द्यायची, हे त्यावर ठरते.

तीन निरनिराळ्या गोष्टी

प्रथम शब्द नीट लावून घेऊ. एक असते आवड. जे केल्याने बरे वाटते ती आवड. दुसरी असते हातोटी. जे इतरांना कष्टाने साधते ते आपल्या हातून सहज उतरते, ती हातोटी. आणि तिसरा असतो ध्यास. एखादे काम कुणी सांगितले नाही, त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही, त्यातून चार पैसे मिळाले नाहीत, तरी ते आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, तेव्हा त्याला ध्यास म्हणावे.

घोटाळा होतो तो हातोटीमुळे. आवड आपली आपल्याला कळते. ध्यास कालांतराने कळतो. पण हातोटी सर्वांत आधी दुसऱ्यांना कळते. शाळेत बाई आपला निबंध वर्गात वाचून दाखवतात, आणि त्या दिवसापासून घरीदारी आपल्याविषयी एक भाकीत ठरून जाते. गणित चांगले असणाऱ्या मुलाला 'तू इंजिनिअर होणार' म्हणतात, निबंध चांगला लिहिणाऱ्या मुलीला 'तू लेखिका होणार' म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या मनात कौतुकच असते. मात्र हातोटी पाहून ध्यासाचे अनुमान काढलेले असते, आणि या दोहोंचा संबंध असेलच असे नाही.

लेखनाच्या बाबतीत हा घोटाळा अधिक होतो, त्याचे कारण उघड आहे. चित्र काढायला रंग लागतात, गायला गळा आणि गुरू लागतो, नाटकाला दहा माणसे लागतात. लेखनाला एक वही पुरते. शिवाय शाळा-महाविद्यालयात जे जे शिकवतात त्या सगळ्याची परीक्षा लेखनातूनच होते. त्यामुळे बऱ्यापैकी वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला थोडेफार लिहिता येते, आणि ज्याला थोडे अधिक येते त्याला 'हाच माझा रस्ता' असे वाटणे अगदी स्वाभाविक असते.

माझ्यापुरते

मी पनवेलचीच. जुन्या गावठाणातल्या वाड्यांच्या सावलीत आणि वडाळे तलावाच्या काठाने शाळेत जाणाऱ्या मुलींपैकी मी एक. पाचवीपासून निबंधस्पर्धा, पुढे कथास्पर्धा, मग महाविद्यालयात भित्तिपत्रक आणि हे वार्षिक. बक्षिसे मिळाली, काही उत्तेजनार्थ, एक-दोन पहिलीही. त्या लेखनाचा मला आनंद होता आणि आजही त्याबद्दल मनात खंत नाही. पण दुसऱ्या वर्षाला असताना सहज मागे वळून पाहिले, तेव्हा काही गोष्टी ध्यानात आल्या.

स्पर्धेची शेवटची तारीख जवळ आली की माझी कथा सुचायची. तारीख गेली की वही कपाटात जायची ती पुढच्या तारखेपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्यात, म्हणजे वेळ हाताशी असे तेव्हा, मी एक ओळही लिहिलेली नव्हती. दुसरे असे की, कथा पूर्ण झाल्यावर ती पुन्हा वाचून एखादा शब्द बदलावा, एखादा परिच्छेद काढून टाकावा, असा चाळा मला कधी लागला नाही. लिहून झाले, छापून आले, नाव पाहिले, संपले. माझी एक मैत्रीण कविता करते. ती एकाच कवितेची सात-सात रूपे करून पाहते, आणि त्यातले एकही कुठे पाठवत नाही. तिच्या शेजारी बसून मला प्रथम वाटले, की हिचे आणि माझे जे चालले आहे त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच वर्षी इतिहासाच्या प्रकल्पासाठी घरातला किंवा नात्यातला एखादा जुना कागद आणायला सांगितले होते. माझ्या मामांचे गाव पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या बाजूला आहे. त्यांच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती आणि तीत मोडीतल्या कागदांचे एक रुमाल. मामा म्हणाले, "ने, पण वाचणार कोण? माझ्या आजोबांनंतर आमच्याकडे हे कुणाला आले नाही." कागद पाहून प्राध्यापक म्हणाले, "प्रकल्पापुरते फोटो लाव. पण वाचायचे असेल तर मोडी शीक. वर्ग असतात." मी शिकले. सुरुवात प्रकल्पासाठी झाली. प्रकल्प संपला, गुण मिळाले, आणि मी मात्र थांबले नाही.

मोडी म्हणजे काय

ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मोडी ही वेगळी भाषा नाही. भाषा मराठीच, लिपी निराळी. बाळबोध अक्षर एकेक सुटे काढावे लागते. मोडीत बोरू न उचलता लिहीत जायचे, म्हणून अक्षरे वळतात, वाकतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जायचे. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. नेहमीचे शब्द तोडून लिहितात. 'मुक्काम' याचे नुसते 'मु' करून पुढे दोन दंड देतात. लिपीच्या उगमाचा मान परंपरेने तेराव्या शतकातल्या हेमाद्रीपंडिताला दिला जातो. शिवकाळ, पेशवाई आणि पुढे इंग्रजी अमदानीतही दप्तराचे काम मोडीत चाले. १९५० च्या सुमारास ती शाळेतून आणि कचेरीतून हद्दपार झाली, आणि आजोबांनी लिहिलेले नातवाला वाचता येईना, अशी स्थिती झाली.

कालगणनेचीही अशीच गंमत. जुन्या कागदावर इसवी सन नसते. कुठे शके असते. त्यात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येते. कुठे फसली असते. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. आणि पेशवाईतल्या पत्रांत शुहूर सन असते, तेही आकड्यांत नव्हे तर अरबी शब्दांत. 'सबैन मया व अलफ' असे दिसले की सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, असे ११७० धरायचे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६९-७० साल निघते. पहिल्यांदा हे गणित सुटले त्या रात्री मला झोप आली नाही. माझी कथा पहिली आली होती त्या रात्री मी छान झोपले होते.

मामांच्या रुमालात बहुतेक सारावसुलीच्या पावत्या होत्या. त्यांत एक लांब कागद निघाला, शके १७९३ चा, म्हणजे १८७१-७२ चा. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकरी जो बांध घालतात, त्याच्या दुरुस्तीचा तो हिशेब होता. कोण कोण कामाला आले आणि किती दिवस आले, एवढेच त्यात लिहिलेले. एकाखाली एक नावे, 'अमुक बिन तमुक', आणि पुढे दिवस. तो कागद लावायला मला साडेतीन महिने लागले. काही नावे लागता लागत नव्हती. एकेका अक्षरासाठी मी त्याच हाताने लिहिलेल्या बाकीच्या पावत्या चाळत असे, की हा लेखक 'भ' कसा काढतो आणि 'म' कसा काढतो. मार्च महिना होता, परीक्षा तोंडावर होती, आणि मला कुणीही हे काम सांगितलेले नव्हते.

कागद लागल्यावर मामांच्या ओसरीवर मी तो वाचून दाखवला. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले होते. सगळी नावे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "पोरी, आमच्या घरातलं नाव पुन्हा वाच." मी वाचले. "किती दिवस म्हणालीस?" "चौदा दिवस, आजोबा." ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग मामांना म्हणाले, "बघ. चौदा दिवस." आज तो बांध नाही आणि ती शेतेही नाहीत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, त्यात त्या गेल्या. चौदा दिवसांची ती नोंद तेवढी उरली, आणि तीही कुणी वाचीपर्यंत नसल्यासारखीच होती.

शेजारच्या तालुक्यातली दोन उदाहरणे

हे केवळ माझ्यासारख्या सामान्य विद्यार्थिनीच्या बाबतीत घडते असे नाही. आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातच दोन थोर माणसे जन्मली, आणि दोघांच्याही चरित्रात हा प्रश्न आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा जन्म वरसईचा. पदवी घेतल्यावर त्यांनी १८९५ च्या सुमारास 'भाषांतर' नावाचे मासिक चालवले. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत आणावेत हा हेतू. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. म्हणजे हा तरुण पदवीधर विद्वान लेखक आणि संपादक होण्याच्या वाटेवर होता. त्या सुमारास वाईकडे त्यांच्या हाती मराठेशाहीच्या कागदपत्रांचा साठा आला आणि त्यांची दिशाच पालटली. १८९८ साली त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. पानिपतपर्यंतच्या काळातली पत्रे त्यात आहेत. पुढे असे २२ खंड झाले. गावोगाव पायी हिंडावे, माळ्यांवरचे आणि तळघरांतले रुमाल सोडावेत, कसर लागलेले कागद उतरून घ्यावेत, हेच त्यांचे आयुष्य झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच ध्यासातून. १९२६ साली धुळ्यास त्यांचा अंत झाला.

राजवाड्यांनी लेखन सोडले काय? मुळीच नाही. त्यांच्या खंडांच्या प्रस्तावना आजही दरारा बाळगून आहेत. पण लेखन त्यांच्या लेखी साधन झाले. कागद सापडला, त्याचा अर्थ लागला, तो लोकांपुढे ठेवला पाहिजे, म्हणून लिहायचे. लिहायचे आहे म्हणून विषय शोधायचा, असा प्रकार राहिला नाही.

दुसरे विनोबा. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्यास झाला. तरुणपणी ते कविता करीत. एकेका कवितेवर तासन् तास, कधी दिवसच्या दिवस मेहनत घेत, आणि ती मनासारखी उतरली की अग्नीला अर्पण करीत. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून निघाले ते मुंबईस न जाता काशीला गेले. तिथे गंगेकाठी बसून कविता कराव्यात आणि गंगेत सोडून द्याव्यात, असा क्रम चालला. हे त्यांनीच पुढे आठवणींत सांगितले आहे. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधीजींना भेटले, आणि कविता मागे पडली.

विनोबांचे हे उदाहरण मला फार विचार करायला लावते. लेखन त्यांना साधत नव्हते असे नाही. साधल्याचे समाधान होईपर्यंत ते थांबत आणि मगच कविता सोडून देत. म्हणजे हातोटी होती, आवडही होती. पण तिथे त्यांचा शोध संपत नव्हता. पुढे त्यांची लेखणी पुन्हा उचलली गेली ती आईने व्यक्त केलेल्या इच्छेसाठी. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, ती मराठीत हवी, असे आई म्हणाली होती. ती १९१८ मध्ये गेली आणि 'गीताई'चे काम सुरू झाले १९३० साली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली तीही त्यांनी स्वतः लिहिली नाहीत. ते बोलत गेले आणि साने गुरुजी लिहून घेत गेले. बोलणाऱ्याचा ध्यास एक आणि लिहून घेणाऱ्याचा दुसरा, पण ग्रंथ दोघांमुळे झाला. त्याच साने गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' अवघ्या काही रात्रींत लिहून काढली. लेखन हाच ज्यांचा प्राण होता, त्यांचे हे असे असते.

जगात याहून टोकाचे उदाहरण म्हणजे फ्रेंच कवी आर्थर रँबो. १८५४ साली जन्मलेल्या या कवीने विशीच्या आसपास कविता कायमची सोडली, आणि पुढचे आयुष्य एडन आणि हरार येथे व्यापारात घालवले. त्याच्या कवितांनी युरोपची कविता बदलली. त्याने स्वतः मात्र तिच्याकडे वळून पाहिले नाही. आणि आपल्याकडे उलट दिशेचे उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचे. कान-नाक-घशाचे निष्णात सर्जन असलेल्या या माणसाने १९६९ साली वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली. डॉक्टरी त्यांना येत नव्हती असे कुणी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट बहिणाबाईंकडे पाहून कळते. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्या गात गेल्या, घरातल्यांनी लिहून ठेवले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ते पुस्तकरूपाने आले. शब्दांचे वेड आणि लेखनाचे वेड हेसुद्धा एकच नव्हे. कुणाचे शब्दप्रेम गाण्यातून व्यक्त होईल, कुणाचे शिकवण्यातून, कुणाचे कोर्टातल्या युक्तिवादातून, आणि माझ्यासारखीचे दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे अक्षर लावण्यातून. शब्द आवडतात म्हणजे लेखक झालेच पाहिजे, असा काही नियम नाही.

ओळखायचे कसे?

यावरून मला काही कसोट्या सुचल्या. त्या शास्त्रीय आहेत असा माझा दावा नाही. पण मला उपयोगी पडल्या.

पहिली कसोटी: काम हवे आहे की कामाचे नाव? 'मला लिहायचे आहे' आणि 'मला लेखक व्हायचे आहे' या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. उद्या कुणी सांगितले की तुझे सगळे लेखन निनावी छापले जाईल, तर मी किती लिहीन? याचे मनातल्या मनात दिलेले उत्तर पुरेसे असते.

दुसरी कसोटी: कंटाळवाणा भाग सोसवतो का? प्रत्येक कामात रस असलेला भाग थोडा आणि हमालीचा भाग मोठा असतो. लेखनातली हमाली म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिणे, खोडणे, मुद्रिते तपासणे. मोडीतली हमाली म्हणजे धूळ, कसर, पुसट शाई आणि एका अक्षरापायी गेलेली संध्याकाळ. पहिली हमाली मला जड जाते. दुसरी करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही. ज्या कामातली हमाली आपल्याला हमाली वाटत नाही, ते काम बहुधा आपले असते.

तिसरी कसोटी: त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्याचे यश पाहून काय वाटते? उत्तम कथा वाचून माझी मैत्रीण अस्वस्थ होते. हे याने कसे साधले, म्हणून ती कथा उलगडून पाहते. मला ती कथा आवडते, आणि मी पुस्तक मिटते. पण कुणी एखादी अवघड सनद लावली असे कळले, की मला ती पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

चौथी कसोटी: रिकाम्या वेळेत हात कुठे जातो? परीक्षा संपल्यावर, पाहुणे गेल्यावर, वीज गेल्यावर. रिकामा वेळ खोटे बोलत नाही.

एक आक्षेप

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लेखन अवघड असते; मोठमोठ्या लेखकांनाही ते जड जाते. मग जरा जड गेले, एखादी कथा साभार परत आली, की 'हा माझा ध्यासच नव्हे' म्हणून पळ काढायला ही छान सबब झाली!

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अपयशाच्या वेळी घेतलेला निर्णय खरा मानू नये. कथा परत आली त्या आठवड्यात लेखन सोडायचे ठरवले, तर तो रुसवा होय. सगळे सुरळीत चालले आहे, कौतुक होते आहे, आणि तरीही मन दुसरीकडे ओढ घेते आहे, असे असेल तर ती ओढ खरी. दुसरे असे, की केवळ काही सोडावेसे वाटणे पुरेसे नाही; कशाकडे तरी जावेसे वाटले पाहिजे. राजवाडे 'भाषांतर'पासून दूर गेले ते कागदांकडे गेले; विनोबा कवितेपासून दूर गेले ते ब्रह्मविद्येच्या शोधात गेले. नुसते दूर जाणे हा आळसही असू शकतो. जड जाणे ही मात्र कसोटी नव्हे. मोडीही मला जडच गेली.

मग हातोटीचे काय करायचे?

तिसऱ्या वर्षाला आल्यावर घरी हा विषय निघाला. बाबांच्या मनात मी पत्रकारितेचा अभ्यासक्रम करावा असे होते, आणि त्यात गैर काही नाही. पदवीनंतर दोन वर्षांत हाताला काम मिळावे, ही पनवेलच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची अपेक्षा रास्तच आहे. मी इतिहासात एम.ए. करून पुराभिलेखाकडे वळेन म्हटल्यावर त्यांनी विचारले, "जुने कागद वाचून पोट भरतं का?" हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. त्याचे उत्तर भावनेने देऊन चालत नाही, म्हणून मी माहिती काढली.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे केवढे भांडार आहे हे सर्वांना ठाऊक आहे. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड काढले, तरी मोठा भाग अजून न वाचलेलाच आहे. शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या मोडी नोंदी वाचणाऱ्यांची गरज किती आहे आणि वाचणारे किती थोडे आहेत, हे उघड झाले. जमिनीचे दावे, वारसांचे दावे, देवस्थानांचे हक्क, यांचे कागद लोक घेऊन हिंडतात. आमच्या पनवेलला नगरपालिका आली ती १८५२ साली. इतक्या जुन्या गावात माळ्यावर किती रुमाल पडून असतील, कुणी मोजले आहे? श्रीमंती येणार नाही, पण काम आहे, एवढे मी बाबांना सांगू शकले. त्यांनी होकार दिला असे म्हणवत नाही. "एक वर्ष बघू," असे म्हणाले. त्या एका वर्षात मला काय ते दाखवायचे आहे.

आणि लेखनाचे म्हणाल, तर ते वाया जात नाही. मामांच्या ओसरीवर तो कागद वाचून दाखवल्यावर मला चार पाने लिहावी लागली: बांध कोणता, बिन म्हणजे काय, शके कसे मोजायचे. ती चार पाने मी तीनदा लिहिली, आणि आश्चर्य म्हणजे या वेळी पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला नाही. कारण ते आजोबा ती पाने नातवाकडून वाचून घेणार होते. त्यांना ती कळायला हवी होती. ध्यास आपल्या जागी सापडला की हातोटी त्याच्या सेवेला आपण होऊन येते, असा माझा अनुभव आहे.

शेवटी प्राध्यापकवर्गाला एक नम्र विनंती आणि मित्रमैत्रिणींना एक सूचना. गुरुजनहो, आमच्या निबंधाचे कौतुक जरूर करा, ते आम्हांला हवे असते. पण त्याबरोबर 'तुला यातले काय करायला आवडले?' एवढे विचारत जा. माहिती गोळा करणे आवडले, माणसांशी बोलणे आवडले, मांडणी आवडली, की नाव छापून आलेले आवडले? एकाच निबंधात चार वेगळ्या माणसांचे चार वेगळे रस्ते दडलेले असतात. आणि मित्रहो, ज्यांना लेखनाचा खरोखर ध्यास आहे त्यांनी हा लेख वाचून बिचकू नये. त्यांना एव्हाना कळलेच असेल, की मी त्यांच्याविषयी बोलत नाही. हे वार्षिक त्यांचे आहे आणि त्यांच्यामुळेच ते दरवर्षी निघते. बाकीच्यांनी 'छंद' या रकान्यात काही भरण्यापूर्वी मे महिन्याची एक सुट्टी जाऊ द्यावी, आणि आपण त्या सुट्टीत काय केले ते लिहावे.